बटण दाबलं म्हणजे अर्ज झाला?

मागचं दार लावून घ्या. आज टूल इंजिनिअरिंगचा तास होणार नाही. मोबाईल बाकावर पालथे ठेवा. लागतील तेव्हा मी सांगेन. पुढचा पाऊण तास मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात. काही जणांना लागेल. लागावं म्हणूनच बोलतोय.

काल दुपारी वर्कशॉपमध्ये तुमच्यापैकी एकाचा फोन वाजला. लेथचा आवाज चालू होता म्हणून त्यानं स्पीकर लावला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. चाकणच्या एका कारखान्यातून बाई बोलत होत्या. अदबीनं म्हणाल्या, "तुम्ही क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी अर्ज केला होता. आता दोन मिनिटं बोलता येईल का?" आणि हा म्हणतो, "कुठली कंपनी, मॅडम?" त्यांनी नाव सांगितलं. हा गप्प. मग विचारतो, "जागा कशाची आहे?" त्या बाईंनी पुढं एक शब्दही वाया घालवला नाही. "ठीक आहे, कळवते," म्हणाल्या आणि फोन ठेवला. तो फोन आता पुन्हा येणार नाही.

मी त्याला बाजूला घेतलं आणि ॲप उघडायला लावलं. महिन्याभरात केलेले अर्ज दोनशे चौदा! एका रविवारी रात्री झोपण्यापूर्वी अर्ध्या तासात एकतीस अर्ज केले, हे त्यानंच सांगितलं. मिनिटाला एकाहून जास्त. त्यात मोल्ड डिझाइनची पाच वर्षं अनुभव मागणारी जागा होती, विमा विकण्याची होती, कोइंबतूरच्या कापड गिरणीतली होती. एकही जाहिरात त्यानं शेवटपर्यंत वाचलेली नव्हती. वर मलाच म्हणतो, "सर, साइटच बंडल आहे. कुणी फोन करत नाही." अरे, आत्ताच तर फोन आला होता! नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच.

त्याचं नाव मी घेणार नाही. कारण आज सकाळी मी आणखी सहा जणांचे फोन पाहिले आणि सहाही जणांची तीच गत होती. म्हणून सांगतो, नीट ऐका. बोटानं बटण दाबणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. जाहिरात वाचायची, आपण तिच्यात बसतो का हे तपासायचं, बसत असू तर ते समोरच्याला दिसेल असं लिहायचं आणि कुठं काय पाठवलं ते लक्षात ठेवायचं. एवढं झालं की अर्ज झाला. त्याच्या आधी जे होतं ती नुसती बोटांची चाळवाचाळव.

मी डिप्लोमा झालो १९९१ साली. तेव्हा सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्ड जपायचं, मुदत संपायच्या आत नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहायचं. रविवारच्या पेपरातल्या जाहिराती कापून ठेवायच्या, 'रोजगार समाचार' वाचनालयात जाऊन वाचायचा. एका अर्जाला टायपिंगचे पैसे, पाकीट, तिकीट, साक्षांकित प्रती लागायच्या. महिन्याला चार अर्ज परवडायचे. म्हणून ते चारही आम्ही दहा वेळा वाचून पाठवायचो. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झालं, पुढं अशी कितीतरी संकेतस्थळं आली आणि अर्ज फुकट झाला. फार चांगलं झालं. गडहिंग्लजच्या पोराला पुण्याची जागा घरबसल्या दिसू लागली. पण अर्जाला पैसे लागेनात म्हणून तुम्ही त्याची किंमतच काढून टाकलीत. ही तुमची चूक आहे, साइटची नाही.

आता त्या पडद्यामागं काय चालतं ते सांगतो. कारण यंत्र कसं चालतं हे न कळता यंत्राला हात लावायचा नाही, हे मी तुम्हाला पहिल्या वर्षापासून सांगत आलोय.

कंपनीतला भरती करणारा माणूस दोन वाटांनी तुमच्यापर्यंत येतो. एक वाट म्हणजे त्यानं जाहिरात टाकली आणि तुम्ही अर्ज केला. दुसरी वाट तुम्हाला माहीतच नाही. तो पैसे भरून त्या साइटच्या उमेदवारांच्या साठ्यात स्वतः शोध घेतो. शोधाच्या खिडकीत शब्द टाकतो: व्हीएमसी, फानुक, सॉलिडवर्क्स, जीडी अँड टी, पीपीएपी. मग गाव, शिक्षण, अनुभव, पगाराची अपेक्षा घालतो. मग आणखी एक चाळणी लावतो: गेल्या काही दिवसांत कोण साइटवर येऊन गेलं? त्या चाळणीतून जे खाली उतरतात, त्यांनाच फोन जातो. जे वर अडकले, त्यांना तो नाकारतही नाही. ते त्याला दिसतच नाहीत.

आता तुमची माहिती पाहू. सहापैकी चौघांनी कौशल्याच्या रकान्यात लिहिलंय 'कॅडचं ज्ञान'. कुठलं कॅड? ऑटोकॅड की कॅटिया? शोधणारा 'ऑटोकॅड' असा शब्द टाकणार, तुमच्याकडं तो शब्दच नाही. मथळ्याच्या ओळीत पाच जणांनी लिहिलंय 'फ्रेशर लुकिंग फॉर जॉब'. नोकरी शोधतोयस हे त्याला माहीत आहे, म्हणून तर तू तिथं आहेस! उद्दिष्टाच्या जागी सहाही जणांचं एकच वाक्य आहे, 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट'. कुठल्या तरी सीनियरच्या बायोडेटावरून उचललेलं. एकाच्या बायोडेटात तर त्या सीनियरचं जन्मगावही तसंच राहिलंय. एकाचा ईमेल पत्ता बारावीत असताना मित्रांनी ठेवलेल्या टोपणनावाचा आहे. आणि एका मुलीनं बायोडेटावर आधार क्रमांक, पॅन क्रमांक आणि घराचा पूर्ण पत्ता छापलाय. बाळ, ते पान कुणाकुणाच्या हातात जाणार आहे, याचा विचार केलास का? आज संध्याकाळपर्यंत ते काढून टाक. गाव, फोन आणि साधा ईमेल पुरे.

व्हर्नियर हातात घेतल्यावर आधी काय करता? जबडे मिटवून शून्य जुळतं का पाहता. शून्यच चुकलं असेल तर पुढची सगळी मापं चुकीची, मग तुम्ही शंभर वेळा का मोजेनात. तुमची प्रोफाइल हे ते शून्य आहे. ती दुरुस्त न करता दोनशे चौदा अर्ज केलेत, म्हणजे तीच चूक दोनशे चौदा ठिकाणी पोचवलीत.

दुसरी गोष्ट, साइटची निवड. बोअरचं माप फूटपट्टीनं घेणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढतो. इथं मात्र तुम्ही मित्रानं जे ॲप सांगितलं ते घेतलंत आणि सगळी कामं त्याच्यावरच चालवलीत.

पुण्या-मुंबईच्या मध्यम आणि मोठ्या कारखान्यांत ट्रेनी, डिझाइन, क्वालिटी अशी जागा हवी असेल, तर नोकरी डॉट कॉम, आणि आधी मॉन्स्टर इंडिया नाव असलेलं, २०२२ पासून फाउंडइट झालेलं संकेतस्थळ पाहा. इनडीडवर इकडून तिकडून गोळा झालेल्या जाहिराती असतात. म्हणून एकच जागा तीन एजन्सींच्या नावानं तीनदा दिसू शकते. तीनदा अर्ज करू नका. मूळ कंपनी कोणती ते शोधा आणि तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर 'करिअर'चं पान असेल तर तिथं अर्ज करा. ऑपरेटर, टेक्निशियन, हेल्पर, डिलिव्हरी अशा कामांच्या जागा 'अपना'सारख्या ॲपवर जास्त असतात. इंटर्नशिप हवी तर इंटर्नशाला आहे. लिंक्डइन हे ओळखी जोडण्याचं साधन आहे, त्याच्याबद्दल वेगळं बोलतो.

आणि सरकारी व्यवस्थेकडं तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. वर्गात हात वर करायला सांगितले, तर 'महास्वयं'वर नोंदणी केलेले फक्त तिघं निघाले. राज्याच्या कौशल्य विकास विभागाचं ते संकेतस्थळ आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत होणाऱ्या रोजगार मेळाव्यांची माहिती तिथं मिळते. केंद्राच्या श्रम आणि रोजगार मंत्रालयाची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून चालू आहे. नोंदणीला एक रुपया लागत नाही. तिसरी गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, शिकाऊ उमेदवारी. अप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ चा, १९७३ च्या दुरुस्तीनं पदवी आणि पदविकावाले त्यात आले. 'नॅट्स' नावाच्या पोर्टलवर नोंदणी करून वर्षभर कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येतं. शेवटी प्रमाणपत्र मिळतं. 'फ्रेशर आहे म्हणून कुणी घेत नाही' ही तुमची रोजची तक्रार ना? मग अनुभव घ्यायची ही वाट समोर असताना तुम्ही रात्री अकरा वाजता कोइंबतूरच्या गिरणीत कशाला अर्ज करताय?

आणखी एक. आपल्या जवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कितीतरी फाउंड्र्या आणि मशीन शॉप कुठल्याच साइटवर जाहिरात देत नाहीत. गेटवर पाटी लावतात, फोरमनला सांगतात, ओळखीतून माणूस घेतात. तिथं मोबाईल चालत नाही, पाय चालतात. बायोडेटाच्या दहा प्रती काढा, आठवड्यातला एक दिवस ठेवा, सकाळी नऊला गेटवर उभे राहा. ऑनलाइन शोध चांगला आहे म्हणून पायाखालची वाट विसरायची नसते.

आता जाहिरात वाचणं. मोबाईल सरळ करा. एक जाहिरात उघडा. कुठलीही. आधी तारीख पाहा. दीड महिन्यापूर्वीची असेल तर त्या जागेच्या मुलाखतीही होऊन गेल्या असतील. शोधाला तारखेची चाळणी लावा, गेल्या तीन दिवसांतल्याच जाहिराती दिसू द्या. हव्या त्या पदाचा आणि गावाचा अलर्ट लावून ठेवा, म्हणजे सकाळी ईमेलमध्ये नव्या जागा येतील. मग खाली या. अनुभव किती मागितलाय? शून्य ते एक वर्ष असेल तर पुढं वाचा. पाच ते आठ असेल तर थांबा. मग कामाचं वर्णन. त्यातल्या कुठल्या गोष्टी तुम्ही हातानं केल्या आहेत? दहापैकी सहा-सात असतील तर अर्ज करा. सगळ्याच्या सगळ्या हव्यात म्हणून घाबरून मागं सरू नका, मुली विशेषतः. दोन असतील तर सोडा. आणि ज्या सहा-सात आहेत, त्या बायोडेटाच्या वरच्या भागात, जाहिरातीत जे शब्द आहेत त्याच शब्दांत लिहा. खोटं एक अक्षर लिहायचं नाही. मुलाखतीत समोर मायक्रोमीटर ठेवून 'घ्या माप' म्हणाले, की खोटं तिथंच उघडं पडतं.

'गुणवत्तेची आवड आहे' असं लिहिलेल्या बायोडेटाला कोण विचारतो? त्याच मुलानं लिहावं, 'सहा आठवडे मशीन शॉपमध्ये प्रशिक्षण. बोअर गेज आणि हाइट गेजनं रोज तपासणी. नाकारलेल्या भागांची नोंद ठेवली.' हे त्यानं खरंच केलंय, त्याची डायरी मी तपासलीय. पण बायोडेटात त्याची एक ओळ नाही! स्वतःची मेहनत स्वतःच झाकून ठेवायची आणि मग जग किंमत करत नाही म्हणून रडायचं, याला काय म्हणावं?

लिंक्डइनवर या कॉलेजचे माजी विद्यार्थी शेकड्यानं आहेत. तुम्ही त्यांना काय लिहिता ते त्यांनीच मला पाठवलंय. 'हाय सर, जॉब असेल तर सांगा.' बस, एवढंच. नाव नाही, शाखा नाही, कशाची जागा हवी ते नाही. वीस वर्षं राबून त्या जागी पोचलेल्या माणसानं तुमच्यासाठी काय शोधावं? असं लिहा: 'सर, मी आपल्याच कॉलेजच्या मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपल्या कंपनीत ट्रेनी क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी सोमवारी अर्ज केला. या विभागात नवीन मुलाला पहिल्या महिन्यात काय यायला हवं, हे सांगू शकाल का?' चार ओळी. याला उत्तर द्यावंसं वाटतं. उत्तर आलं तर त्याच दिवशी आभार माना. नाही आलं तर आठवड्यानं एकदा आठवण करा, आणि मग थांबा. माणसाच्या मागं लागायचं नसतं.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यात गंभीर आहे. मागच्या बाकावरही ऐकू गेलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी याच वर्गातल्या एका मुलाला फोन आला. 'तुमची निवड झाली, पगार बत्तीस हजार.' मुलाखत नाही, काही नाही. आधी नोंदणीचे दीड हजार, मग वैद्यकीय तपासणीचे अडीच, मग लॅपटॉपची अनामत म्हणून चौदा. दूध संस्थेच्या बिलातून आईनं बाजूला टाकलेले अठरा हजार रुपये चार दिवसांत गेले. त्यानं लाजेपोटी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी माझ्यासमोर येऊन रडला. मी त्याला रागावलो नाही. आज तुम्हाला मात्र आधीच रागावून ठेवतोय.

नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, गणवेश, प्रशिक्षण, अनामत, नाव काहीही असो, पैसे मागितले की फोन बंद. एखादी मोठी साइट पैसे घेऊन तुमची प्रोफाइल वर दाखवण्याची सेवा विकते, ती वेगळी गोष्ट. ती घ्यायची गरज तुम्हाला नाही, आणि तिनं नोकरीची हमीही मिळत नाही. ऑफर लेटर आलं तर ज्या पत्त्यावरून आलं तो ईमेल पाहा. कंपनीच्या नावाचा आहे की कुणालाही फुकट मिळणारा? कंपनीचं नाव कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून नोंदणी आहे का पाहा. ती माहिती फुकट दिसते. तरी शंका असेल तर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा फोन लावून विचारा. सरकारी भरतीचा फॉर्म भरताना पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' आहे का ते तपासा. नसेल तर जाहिरातीचा मूळ कागद मिळवा आणि त्यात छापलेल्या पत्त्यावरूनच फॉर्म भरा. टेलिग्रामवर 'व्हिडिओ लाइक करा, रोज दोन हजार कमवा' म्हणणारा आधी शंभर-दोनशे देतो आणि मग हजारांनी काढून घेतो.

परदेशाचं तर विचारूच नका. थायलंडची नोकरी म्हणून पर्यटक व्हिसावर नेलेली आपली मुलं म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये कोंडून ठेवली गेली आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचं काम मारून मारून करून घेतलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ पासून त्याबद्दल इशारे दिले आहेत. परदेशी नोकरीचा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला लागतो. अशा एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर आहे, आणि सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त त्याला घेता येत नाही. यादीत नाव नसेल तर तो एजंट नाही.

आणि इतकं करूनही फसलात, तर लाजू नका. त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर पैसे पुढं सरकण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता असते. त्या मुलाचे तीन दिवस लाजेत गेले, आणि पैसेही.

मागच्या वर्षी याच बाकावर बसणाऱ्या एका मुलीनं शंभर पानी वही केली होती. तारीख, कंपनी, जागा, कुठली साइट, कुठला बायोडेटा पाठवला, पुढं काय झालं. पाच महिन्यांत तिनं एकोणचाळीस अर्ज केले. फोन आला की वहीचं पान उघडून बोलायची. सात मुलाखती झाल्या. सहा ठिकाणी नकार आला, आणि प्रत्येक नकाराखाली तिनं लिहिलं होतं की कुठला प्रश्न चुकला. सातव्या मुलाखतीत तिला रांजणगावला जागा मिळाली. ती तुमच्याहून हुशार नव्हती, हे मी तिचे पेपर तपासलेत म्हणून सांगतो. ती वाचत होती आणि लिहून ठेवत होती.

तुमच्यापैकी अनेकांचे वडील फाउंड्रीच्या धगीत उभे राहून तुमची फी भरतात. बायोडेटात कुणाच्या तरी उसन्या ओळी टाकून ते ऋण फिटणार नाही. तुमच्या हातात कसब आहे. लेथवर तुम्ही मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळता, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तेवढीच काळजी एका पानाच्या अर्जात घ्या, एवढंच मागतोय.

आज रात्री एकही अर्ज करायचा नाही. आधी प्रोफाइल दुरुस्त करा. उद्या सकाळी साडेनऊला प्रत्येकाचा नवा बायोडेटा आणि एक कोरी वही माझ्या टेबलावर हवी. वहीच्या पहिल्या पानावर तीन जागा लिहून आणा, आणि प्रत्येकीपुढं त्या जागेत आपण का बसतो ते दोन ओळींत लिहा. आणि काल ज्याचा फोन आला होता, त्यानं मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये यायचं. त्या बाईंना आपण दोघं मिळून क्षमा मागणारा ईमेल लिहू. जागा मिळो न मिळो, चूक आपली होती.